कर्ण्याचं तोंड कुणीकडे?

मुलांनो, वरातीपुढे चालणारा बँड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. आता डोळे मिटा आणि आठवून सांगा, ट्रम्पेटचं तोंड कुणीकडे होतं? समोर, रस्त्याकडे. बरोबर. आणि पोटाशी धरलेल्या त्या मोठ्या युफोनियमचं? आता झाली ना गडबड! त्याचं तोंड बहुतेक वेळा आभाळाकडे असतं. बँड एकच, पितळही एकच, पण एक वाद्य रस्त्याकडे बघतंय आणि दुसरं ढगांकडे. आणि एकेकाळी अमेरिकेत अशीही पितळी वाद्यं होती, की त्यांचं तोंड वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून चक्क पाठीमागे बघायचं!

असं का, ते आज बघू. पण त्याआधी थोडी खटपट करावी लागेल.

बागेला पाणी घालायची जुनी रबरी नळी घरात पडली असेल, तर घरच्यांना विचारून तिचा दीड मीटर तुकडा मागून घ्या. (न विचारता नवी नळी कापलीत, तर मी तुम्हाला ओळखत नाही!) नळी साबणाच्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवा. प्रत्येकानं आपापला तुकडा वापरायचा, एकाच्या तोंडातली नळी दुसऱ्यानं तोंडात घालायची नाही. आता ओठ घट्ट मिटा आणि घोडा फुरफुरतो तसा ओठांतून ‘पुर्रर्र’ असा आवाज काढा. तसंच फुरफुरत नळीच्या टोकाला तोंड लावा. पहिल्यांदा नुसती हवा जाईल, मग घरातलं कुणीतरी ‘हा कसला आवाज?’ म्हणून डोकावेल. म्हणजे जमलं.

हेच ट्रम्पेटचं गुपित आहे. बासरीसारखी नुसती फुंकर मारून ट्रम्पेट वाजत नाही. त्यात थरथरतात ते आपले ओठ. त्यांच्या थरथरीनं नळीतली हवा हलते, पण ती कसल्याही सुराला ‘हो’ म्हणत नाही. नळीच्या लांबीला जुळतील तेवढेच मोजके सूर ती उचलते. ओठ जरा घट्ट केलेत की सूर हळूहळू न चढता एकदम वरच्या पायरीवर उडी मारतो, हे तुमच्याही लक्षात येईल. ट्रम्पेटची वेटोळी उलगडली तर नळी दीड मीटरच्या आसपास भरते. सूझाफोन नावाचं एक अवाढव्य वाद्य आहे, त्याची गाठ पुढे पडेलच. त्याची नळी उलगडली तर साडेपाच मीटर! नळी जितकी लांब तितका सूर खालचा.

बिगुलाला कळा नसतात. त्यामुळे त्याच्याकडे मोजके सूर, आणि फौजेतले बहुतेक इशारे अवघ्या चार-पाच सुरांत बसवलेले. आपल्या तुतारीचंही तसंच. १८१८ साली स्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं आणि पितळी वाद्यांचं नशीब पालटलं. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रम्पेटवरची ती दाबायची कळ. ती दाबली की हवेला एका जास्तीच्या छोट्या नळीतून वळसा घालून जावं लागतं. लांबी वाढते, सूर उतरतो. मधली कळ अर्धा सूर उतरवते, पहिली एक सूर आणि तिसरी दीड सूर. तीन कळांच्या उलटसुलट जोड्या लावून सगळं गाणं वाजवता येतं.

लांबीचं झालं, पण नुसत्या लांबीनं आवाजाची जात ठरत नाही. ट्रॉम्बोन म्हणजे ती पुढे-मागे सरकणारी लांब नळी. ट्रॉम्बोन आणि युफोनियम, दोन्हींची नळी जवळपास सारखीच, पावणेतीन मीटरच्या आसपास. तरी ट्रॉम्बोन कसा तलवार उपसल्यासारखा वाजतो, आणि युफोनियम आजोबांच्या आवाजात बोलतो. फरक आहे नळीच्या पोटात. ट्रॉम्बोनची नळी बराच वेळ एकाच जाडीची राहते आणि अगदी शेवटी फुलते. युफोनियमची सुरुवातीपासूनच हळूहळू रुंद होत जाते, आइसक्रीमच्या कोनासारखी. ट्रम्पेट हा ट्रॉम्बोनच्या बाजूचा गडी.

एकाच जाडीच्या नळीत काय होतं? कोकणातल्या मुलांनी समुद्राची लाट किनाऱ्याला येताना पाहिली असेल. लाटेचा माथा पुढे धावतो, तळ मागे रेंगाळतो, आणि लाट पुढून उभी होत जाते. ट्रॉम्बोन खूप जोरात वाजवला की नळीतल्या हवेचं असंच होतं. दाबाचा माथा जरा वेगानं पळतो आणि नळीच्या टोकाशी पोचेपर्यंत लाटेचं तोंड उभ्या कड्यासारखं झालेलं असतं. तो कडा म्हणजेच आपल्या कानाला जाणवणारी धार. १९९६ साली हिर्शबर्ग आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं, की जोरात वाजवलेल्या ट्रॉम्बोनमध्ये ‘शॉक वेव्ह’ तयार होतात. आवाजापेक्षा वेगानं जाणारं विमान जो दणका उडवतं, त्याच्याच जातीच्या या लाटा! युफोनियमच्या रुंदावत जाणाऱ्या नळीत लाट पसरत जाते, तिचा जोर विरतो, म्हणून ती तेवढी उभी होत नाही. आवाज गोल राहतो.

आता बाहेर मैदानावर चला.

खोलीत आपण बोललो की भिंती आणि छप्पर आवाज परत पाठवतात. एकच शब्द आपल्या कानावर कितीतरी वाटांनी येतो, त्यामुळे भरल्यासारखा वाटतो. मैदानावर भिंत नाही. आवाज एकदा निघाला की गेला. शिवाय तो चहूकडे पसरतो, म्हणून अंतर दुप्पट झालं की कानावर पडणारी शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. शाळेच्या पटांगणावर माइकशिवाय प्रार्थना घेऊन पाहा. आम्हा शिक्षकांना हे गणित पाठ आहे, घशाला तर फारच.

नाजूक वाद्यं इथे मार खातात. १८४५ साली पॅरिसमध्ये याची जाहीर परीक्षाच झाली. फ्रान्सच्या लष्करी बँडांचा आवाज उघड्यावर पोचत नाही, अशी ओरड होती. अदोल्फ साक्स नावाचा बेल्जियमचा वाद्य बनवणारा तेव्हा पॅरिसमध्ये होता. हा तोच, ज्याच्या नावावरून सॅक्सोफोन हे नाव पडलं. त्यानं लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच घाटाची, हळूहळू रुंदावणारी आणि कळांची पितळी वाद्यं बनवली होती. त्यांना सॅक्सहॉर्न म्हणतात. आपलं युफोनियम त्यांचंच जवळचं भावंड. २२ एप्रिल १८४५ रोजी शाँ द मार्स या मैदानावर हजारो लोकांसमोर सामना झाला. एकीकडे जुन्या पद्धतीचा बँड, त्यात ओबो, बसून अशी लाकडी वाद्यंही होती. दुसरीकडे साक्सचा बँड. साक्सचे काही वादक आलेच नाहीत. तिकडे ४५ जण, इकडे ३८. तरी मैदान मारलं साक्सनं, आणि त्याच वर्षी सरकारनं त्याची वाद्यं फौजेसाठी मंजूर केली. पुढे बिचारा कोर्टकचेऱ्यांत बुडाला, दिवाळं निघालं. ती कहाणी वेगळी आहे.

तेव्हा मैदानासाठी दमदार आवाज हवा, हे ठरलं. पण तो पाठवायचा कुणीकडे? इथे कर्णा येतो. वाद्याचं जे पुढचं फुललेलं तोंड, त्याला बँडवाले ‘बेल’ म्हणतात. आपण कर्णा म्हणू.

तुमच्या नळीच्या टोकाला आता नरसाळं बसवा. आवाज एकदम उजळ होतो, बघा. नळीतला बराचसा आवाज टोकाशी आपटून परत आत जातो. कर्णा त्याला, त्यातही बारीक, तीक्ष्ण भागाला, बाहेर पडायची वाट करून देतो. आता दुसरा प्रयोग. मैत्रिणीला मैदानात वीस-पंचवीस पावलांवर उभी करा. तुम्ही एकच सूर धरून वाजवत राहा आणि नरसाळ्याचं तोंड हळूहळू तिच्यापासून वळवा. सूर बंद पडणार नाही, पण त्याची धार जाईल. उशीखालून बोलल्यासारखा तो तिला ऐकू येईल. (नरसाळं कुणाच्या कानाजवळ नेऊन वाजवू नका. खऱ्या ट्रम्पेटच्या अगदी समोर तर उभंच राहू नका. पालकांनो, मिरवणुकीत लहानग्यांना खांद्यावर घेता तेव्हा हे जरूर लक्षात ठेवा. त्यांचे कान नेमके कर्ण्याच्या पातळीला येतात.)

धार का गेली? कारण प्रत्येक सुरात जाड आणि बारीक अशा कितीतरी लाटा एकत्र असतात. जाड, खालच्या आवाजाची लाट लांब असते. सेकंदाला १०० कंपनं असतील तर एक लाट ३ मीटर ४० सेंटिमीटरची. तिच्यापुढे वीतभरही नसलेला कर्णा म्हणजे काहीच नाही. ती बाहेर पडते आणि पुढे-मागे सगळीकडे पसरते. सेकंदाला ३४०० कंपनांची लाट मात्र जेमतेम १० सेंटिमीटरची, आणि ट्रम्पेटचा कर्णा साधारण १२ सेंटिमीटर रुंद. ती लाट बॅटरीच्या झोतासारखी कर्ण्याच्या नाकासमोर सरळ जाते. म्हणजे कर्णा वळला की सुराचा गाभा तिथेच राहतो आणि धार तेवढी वळते. सूर नेमका कधी सुरू झाला, हे आपल्याला त्या धारेवरून कळतं. आणि पाऊल टाकायचं असतं ते त्या क्षणावर.

आता ती पाठमोरी वाद्यं बघू. १८३८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉडवर्थ बंधूंच्या बँडनं ती पुढे आणली. वाद्य खांद्यावर ठेवायचं, माउथपीस तोंडाशी, कर्णा पाठीमागे. त्या काळी बँड पलटणीच्या पुढे चालायचा. कर्णे समोर असते, तर सगळी धार रिकाम्या रस्त्याला मिळाली असती आणि मागून येणाऱ्या शिपायांना नुसती घुमघुम. ज्यांची पावलं जुळवायची ते तर मागे! म्हणून कर्णे मागे वळवले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात ही वाद्यं दोन्ही बाजूंच्या बँडांत होती. दमलेले, चिखलानं माखलेले शेवटच्या रांगेतले शिपाई, आणि त्यांच्यासाठी मागे तोंड करून चाललेला बँड. मला तरी हे चित्र फार आवडतं. रस्त्याच्या कडेला उभ्या बघ्यांना ऐकू आलं नाही, तर न येवो! डॉडवर्थनं पुढे आपल्या पुस्तकात बजावून ठेवलं, की हे वाद्य फौजेपुढे चालण्यापुरतंच. एरवी कर्णा वरच हवा.

वरच का, हे जॉन फिलिप सूझाकडून कळतं. सूझा हा अमेरिकेचा नामवंत बँडमास्तर. १८८० ते १८९२ तो अमेरिकेच्या मरीन बँडचा प्रमुख होता. मग त्यानं स्वतःचा बँड काढला. तेव्हा खालच्या सुरांसाठी हेलिकॉन नावाचं, अजगरासारखं अंगाला गुंडाळायचं वाद्य होतं. त्याचा आवाज झोतासारखा एका बाजूला जातो, ही सूझाची तक्रार. त्याला खालचा सूर सगळ्या बँडवरून, पांघरूण घातल्यासारखा पसरायला हवा होता. त्याच्या सांगण्यावरून १८९३च्या सुमारास पेपर या वाद्य कारखान्यानं मोठ्या कर्ण्याचं नवं वाद्य बनवलं. कर्णा सरळ आभाळाकडे. हाच तो सूझाफोन! लोकांनी त्याला नाव ठेवलं ‘पाऊस झेलणारा’. खरंच, पावसात ते घेऊन उभं राहिलं तर काय होईल, विचार करा.

सूझाचा बँड मुख्यतः सभागृहात खुर्च्यांवर बसून वाजवायचा. संचलन क्वचितच. पण रस्त्यावरच्या बँडांनी हे वाद्य उचललं, आणि त्यांचे श्रोते होते समोर, दोन्ही कडांना. मग १९०८च्या सुमारास कॉन कंपनीनं त्याचा कर्णा पुढे वळवला. आज आपण सूझाफोन म्हणून बघतो तो हाच, वादकाच्या डोक्यावरून परातीएवढं तोंड समोर काढलेला. सूझाच्या स्वतःच्या बँडमध्ये मात्र पुढेही बरीच वर्षं वर बघणारेच सूझाफोन राहिले. वाद्याला त्याचं नाव, पण वाद्यानं तोंड फिरवलं ते त्याच्या मनाविरुद्ध!

अंगाला गुंडाळायची युक्ती मात्र हेलिकॉनचीच राहिली. पितळी सूझाफोन पंधरा किलोच्या आसपास भरतो, काही त्याहूनही जड. एवढं ओझं हातांवर पेलून दोन तास चालता येत नाही, खांद्यावर येतं. पुढे फायबरग्लासचे हलके सूझाफोन निघाले. शाळेतल्या मुलांना ते बरे पडतात. आवाज तितका भरदार नसतो, असं जाणकार म्हणतात.

फ्रेंच हॉर्नची गंमत तर याहून और. त्याचा कर्णा मुळातच मागे, आणि वादक त्यात हात घालून बसतो. सभागृहात मागची भिंत त्याचा आवाज परत देते, म्हणून तो गोड लागतो. मैदानावर भिंत कुठून आणणार? म्हणून अमेरिकेतले चालते बँड हॉर्नऐवजी मेलोफोन घेतात. तो धरायचा ट्रम्पेटसारखा आणि कर्णा समोर.

आणि आपली तुतारी? ती वाजवणाऱ्याच्या डोक्याच्या वर चढते आणि तिथून तोंड काढते. गर्दीतल्या माणसांची अंगं, कपडे, फेटे हे सगळे त्या बारीक, धारदार लाटा शोषून घेतात. डोक्यांच्या वरून आवाज पाठवला की तो अडत नाही. मागच्या ओळीतल्या माणसालाही कळतं, कुणीतरी येतंय!

इतकं सगळं केलं तरी एका गोष्टीपुढे कुठल्याही कर्ण्याचं काही चालत नाही. आवाजाला वेळ लागतो. तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ‘तेज चल’ची चाल मिनिटाला १२० पावलं, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. आता बँडच्या मागे १७० मीटरवर चालणारी रांग घ्या. तिच्या कानावर ठोका अर्धा सेकंद उशिरा पडणार. म्हणजे पुढे उजवा पाय पडतो, तेव्हा मागे त्याच्या आधीच्या ठोक्यावरचा डावा! सगळे अगदी मन लावून बँडवर चालताहेत आणि लांबून बघणाऱ्याला पावलं चुकलेली दिसतात. कर्णा मागे वळवा, मोठा करा, सोन्याचा करा, हे सुटत नाही. म्हणूनच दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनासारख्या लांबलचक संचलनात मधेमधे वेगवेगळे बँड असतात.

थंडीही खोडी काढते. हवा एक अंश सेल्सिअसनं गार झाली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं कमी होतो, आणि नळीतला सूर किंचित उतरतो. २९ जानेवारीला संध्याकाळी दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट असतं. ते टीव्हीवर बघाल तेव्हा त्या वादकांची बोटं आणि गारठलेलं पितळ आठवा. वाजवण्याआधी नळीत गरम श्वास भरून ती उबदार करावी लागते.

जाता जाता एक कोडं. मैदानात ट्रम्पेटवाले पुढे उभे आहेत, ढोलवाले त्यांच्यामागे ३४ मीटरवर. प्रेक्षक समोर. सगळ्यांनी बँडमास्तरच्या हाताकडे बघून अगदी एकाच क्षणी वाजवलं, तर प्रेक्षकांना एकदम ऐकू येईल का?

नाही! ढोलाला ३४ मीटर जास्त चालायचंय, तो दहावा हिस्सा सेकंद मागे पडेल. मग ट्रम्पेटवाल्यांनी काय करावं? हाताकडे बघणं सोडावं आणि कानावर भरवसा ठेवावा. पाठीमागचा ढोल कानावर आला, की त्या क्षणी फुंकायचं. म्हणजे ढोलाचा आवाज त्यांच्याजवळून पुढे जातो तेव्हाच ट्रम्पेटचा आवाज त्याच्या सोबतीला निघतो, आणि दोघं हातात हात घालून प्रेक्षकांपर्यंत पोचतात. दोन स्टीलच्या ताटल्या आणि तुमची नरसाळ्याची नळी घेऊन हे पटांगणावर करून पाहा. ३४ मीटर म्हणजे तुमची साधारण पन्नासेक पावलं. ऐकायला कुणाला उभं केलंत आणि त्याला काय ऐकू आलं, ते पोस्टकार्डावर कळवा.